परसातील कोंबड्यांची घरघर बरी होऊन पुन्हा पुन्हा का उलटते

परसात पंचवीस-तीस कोंबड्या पाळणाऱ्या घरांमध्ये एक तक्रार इतक्या ठरावीक वेळी ऐकू येते की तिचे वेळापत्रक मांडता यावे. मृगाचा पाऊस स्थिरावला की चार-दोन कोंबड्या शिंकू लागतात आणि रात्री खुराड्याजवळून जाताना आतून गुडगुडी ओढल्यासारखी घरघर ऐकू येते. दुकानातून औषधाची पुडी आणून पाच दिवस पाण्यातून दिली की आवाज थांबतो, अंडी पूर्ववत मिळू लागतात आणि घरातील माणसे ती गोष्ट विसरून जातात. गणपती गेल्यावर दिवसा ऊन तापू लागते, पहाटे गारवा येतो आणि तीच घरघर परत सुरू होते. पौषात पुन्हा एकदा. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घरच्या जांभ्या दगडाच्या खुराड्यात हा फेरा सलग तीन वर्षे चालला. त्या काळात फार कोंबड्या मेल्या नाहीत आणि म्हणूनच मी मुळाशी गेलो नाही. दर खेपेला नवा आजार आला असे मी धरून चाललो आणि दर खेपेला कोणते औषध द्यावे एवढेच विचारत राहिलो. आजार उलटतो तेव्हा मधल्या काळात तो कुठे दडून बसला होता हे शोधावे लागते. ते शोधताना जे हाती लागले ते येथे मांडले आहे.

आधी दोन रोगांची शंका दूर करावी

उलटणाऱ्या आजाराचा शोध सावकाश घेता येतो, परंतु दोन रोग असे आहेत की त्यांत एका दिवसाचा उशीरही महागात पडतो. पहिला बर्ड फ्लू. धडधाकट दिसणाऱ्या अनेक कोंबड्या एक-दोन दिवसांत पटापट मरू लागल्या, तुरा व गलोल (चोचीखाली लोंबणारे मांसल भाग) निळे-जांभळे पडले, डोके सुजले, पायांच्या बिनपिसांच्या भागावर रक्ताळलेले डाग दिसले, किंवा त्याच सुमारास गावात कावळे अथवा बदके मरून पडत असल्याचे कानावर आले, तर मेलेली कोंबडी फाडून पाहू नये, ती गाडीत घालून कुठे नेऊ नये आणि उरलेल्या कोंबड्या विकू किंवा कापू नयेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला अथवा १९६२ या क्रमांकावर लगेच कळवावे. भारतात हा रोग कोंबड्यांमध्ये प्रथम आढळला तो २००६ च्या फेब्रुवारीत, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे, आणि २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावातील कोंबड्या त्यानेच मेल्या. कळवले तर सगळ्याच कोंबड्या मारून टाकतील, या भीतीने लोक गप्प राहतात. परंतु भरपाई मिळते ती शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नव्हे, त्यामुळे गप्प राहण्यात घराचेच नुकसान आहे. आणि या रोगाची बाधा माणसालाही होऊ शकते, ही बाब तर त्याहून कितीतरी गंभीर आहे.

दुसरा रोग मानमोडी, म्हणजेच राणीखेत. लस न दिलेल्या कळपात त्याची सुरुवात बहुधा श्वासापासून होते. कोंबड्या मान ताणून, चोच उघडून श्वास घेतात, हिरवट-पांढरी पातळ विष्ठा टाकतात आणि ज्या त्यातून वाचतात त्यांच्या माना काही दिवसांनी पिळवटतात किंवा पाय-पंख लुळे पडतात. अशा कळपातील दहापैकी आठ-नऊ कोंबड्याही दगावू शकतात. आमच्या भागात मान वाकडी झाल्याशिवाय कोणी मानमोडी म्हणत नाही आणि घोटाळा तिथेच होतो, कारण मान वाकडी होते ती शेवटी शेवटी. लस अर्धवट लागू पडलेल्या कळपात तर मान वाकडी न होता नुसता खोकला येतो आणि मऊ कवचाची अंडी मिळतात. या रोगाच्या विषाणूवर औषध नाही. जे करायचे ते लशीनेच करायचे असते, आणि त्याविषयी पुढे लिहिले आहे.

रात्री ऐकावे, सकाळी पाहावे

माणूस जवळ आला की आजारी कोंबडीदेखील मान उचलून चालू लागते. म्हणून दिवसाची पाहणी फसवी असते. कोंबड्या दांडीवर बसून तासभर झाला की दिवा न लावता खुराड्याला टेकून दहा मिनिटे उभे राहावे. शिंक कोरडी आहे की ओली, घरघर एका कोपऱ्यातून येते की सगळीकडून, आवाज श्वास घेताना होतो की सोडताना, हे अंधारात जितके स्पष्ट कळते तितके दिवसा कधीच कळत नाही. त्यानंतर विजेरीच्या मंद उजेडात आवाज करणाऱ्या कोंबड्यांच्या पायात रंगीत दोरा बांधावा आणि सकाळी त्याच कोंबड्या हातात घेऊन डोळे, नाकपुड्या, चेहरा व तोंडाची आतली बाजू पाहावी. चोच हुंगावी, यात किळस मानू नये. हे सारे तारखेसह वहीत लिहावे. वहीचा उपयोग पहिल्या खेपेला जाणवत नाही, तो तिसऱ्या खेपेला जाणवतो.

सर्वांत जास्त सांगून जाते ती पसरण्याची गती. दोन-तीन दिवसांत निम्मा कळप आजारी पडला, चेहरा एका बाजूने सुजला, डोळा मिटला आणि चोचीला कुजकट वास येऊ लागला, तर ती बहुधा कोंबड्यांची सांसर्गिक सर्दी, म्हणजे कोरायझा असते. याउलट एकीचा आवाज आज, दुसरीचा चार दिवसांनी, तिसरीचा पुढच्या आठवड्यात असे रेंगाळत पसरले, डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस दिसला, कोंबडी खातपीत राहिली तरी हाताला हलकी लागली आणि मर मात्र फारशी झाली नाही, तर मायकोप्लाझ्मा या जिवाणूमुळे होणाऱ्या दीर्घकालीन श्वसनरोगाचा संशय घ्यावा. पशुवैद्यक त्याला सीआरडी म्हणतात. घरगुती कळपात वर्षानुवर्षे उलटणारी घरघर पुष्कळदा याच रोगाची असते. पिल्ले एकाएकी धापा टाकू लागली आणि मोठ्या कोंबड्यांची अंडी सुरकुतलेली, वेडीवाकडी, आतील पांढरे पाण्यासारखे पातळ झालेली निघू लागली, तर इन्फेक्शियस ब्राँकायटिस हा विषाणूजन्य श्वसनरोग आठवावा. खोकताना रक्ताळलेला कफ उडून भिंतीवर किंवा पिसांवर दिसला, तर तो लॅरिंगोट्रॅकायटिस, म्हणजे घसा व श्वासनलिकेचा विषाणूजन्य रोग, असू शकतो आणि त्यासाठी पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवावे.

काही कारणे रोगजंतूंच्या यादीत पटकन सुचत नाहीत. कोंबड्यांना होणाऱ्या देवी या रोगाचा एक प्रकार तोंडात होतो; तुऱ्यावर एकही खपली नसताना जिभेच्या मुळाशी पिवळट चिकट पापुद्रा धरतो, तो ओढला तर रक्त येते आणि श्वासनलिकेच्या तोंडाशी वाढला तर कोंबडी गुदमरते. बुरशी लागलेले तूस किंवा भिजलेला भुसा पिल्लांच्या खाली पसरला तर बुरशीचे कण फुप्फुसांत जाऊन पिल्ले चोच उघडून धापा टाकतात, पण त्या धापांना सहसा आवाज नसतो. आवाजाविना धाप ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोकणात कोंबड्यांना मुख्यतः भात आणि कणी घालतात आणि तांदळातून अ जीवनसत्त्व मिळत नाही. त्याच्या अभावाने डोळे चिकटतात, घशात टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके येतात आणि नाक-घशाचे आतील अस्तर इतके कमकुवत होते की कोणताही जंतू सहज शिरतो. शेवग्याचा पाला, माठ, तांबडा भोपळा आणि पिवळा मका यांनी ही उणीव भरून निघते, पण आजार अंगावर आल्यानंतर पाला घालणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चोच उघडून, पंख सैल सोडून उभी असलेली कोंबडी मात्र केवळ उकाड्याने धापत असते. तिच्या नाका-डोळ्यांतून काही वाहत नाही आणि सावली व गार पाणी मिळाले की ती सावरते.

या खुणांवरून अंदाज बांधता येतो, निदान नव्हे. एकाच कोंबडीत दोन-तीन कारणे एकत्र असणे हा अपवाद नसून नेहमीचा प्रकार आहे. म्हणून एखादी कोंबडी दगावली आणि बर्ड फ्लूची लक्षणे नसल्याचे पशुवैद्यकाने सांगितले, तर ती पुरण्याआधी तिची तपासणी करून घ्यावी. पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे, आणि मुंबईत परळ येथे व सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. स्थानिक पशुवैद्यकाचे पत्र आणि आपली वही सोबत असली तर काम सोपे होते. मृत पक्षी दोन पिशव्यांत बांधून बर्फाच्या डब्यात न्यावा, गोठवू नये, आणि शक्यतो प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी न्यावा, कारण औषध दिल्यानंतर नमुन्यातील जिवाणू वाढवून पाहणे अवघड जाते. मायकोप्लाझ्मासाठी जिवंत कोंबड्यांच्या रक्ताची चाचणीही होते. काचेच्या पट्टीवर रक्तजलाचा थेंब आणि रंगीत द्रावणाचा थेंब मिसळतात आणि दोन मिनिटांत गुठळ्या दिसतात की नाही ते पाहतात. आमच्या दहा कोंबड्यांचे रक्त तपासले तेव्हा सात जणींच्या रक्तात गुठळ्या झाल्या. त्या सातांपैकी चार जणी त्या दिवशी पूर्णपणे निरोगी दिसत होत्या.

बरी झालेली कोंबडी

त्या चार कोंबड्यांनी माझी समजूत बदलली. मायकोप्लाझ्माची बाधा एकदा झाली की कोंबडी बहुधा आयुष्यभर ती वागवते. औषधाने जिवाणूंची संख्या घटते, आवाज थांबतो, अंडी सुरू होतात, पण जिवाणू शरीरातून समूळ जात नाही. कोरायझातून उठलेल्या कोंबडीच्या नाकातही रोगजंतू दीर्घकाळ टिकून राहतात. म्हणजे ज्या कोंबडीला आपण बरी झाली म्हणून कौतुकाने पुन्हा कळपात सोडतो, तीच पुढच्या पावसाळ्यापर्यंत रोग सांभाळून ठेवते.

असे का होते हे समजण्यासाठी पक्ष्याच्या शरीराची रचना थोडी माहीत असावी. कोंबडीला आपल्यासारखे श्वासपटल नाही आणि तिची फुप्फुसे आपल्यासारखी फुगत नाहीत. फुप्फुसांना जोडलेल्या नऊ वायुपिशव्या भात्यासारख्या हवा खेचतात आणि ढकलतात. या पिशव्या पोटापर्यंत व काही हाडांच्या पोकळीपर्यंत पोहोचतात. त्यांची भिंत अतिशय पातळ असते आणि तिला रक्ताचा पुरवठा तुटपुंजा असतो, त्यामुळे तेथे जमलेल्या पिवळट, पनीरासारख्या घट्ट मळीपर्यंत औषध पुरेसे पोहोचत नाही. पुढे थंडी, पावसाची ओल, अंड्यांचा भर, पीस झडण्याचा काळ किंवा नुसता खुराडे बदलल्याचा ताण आला तरी तेथे दबलेला जंतू उचल खातो आणि त्याच्या जोडीला ई. कोलायसारखे विष्ठेतले जिवाणू शिरून दुखणे चिघळवतात.

मायकोप्लाझ्मा अंड्यातूनही पिल्लात उतरतो. आमच्याकडे खुडूक कोंबडीखाली बसवायला शेजाऱ्यांकडून चांगल्या जातीची अंडी मागून आणण्याची जुनी रीत आहे. स्वच्छ पुसलेले, सुबक अंडे रोग घेऊन येईल अशी शंका कोणालाच येत नाही, पण येतो तो असाही येतो. दुसरी वाट बाहेरून आणलेल्या पक्ष्याची. आठवडी बाजारात वेगवेगळ्या गावांचे पक्षी एकाच डालग्यात तासन्‌तास बसलेले असतात. तेथून आणलेली तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, संध्याकाळी थेट खुराड्यात सोडली की आठवड्याभरात शिंका सुरू होतात. राखणीसाठी किंवा देवकार्यासाठी आणलेला कोंबडा चार-सहा दिवसच घरी राहायचा असतो म्हणून त्याला कोणी वेगळा ठेवत नाही. तो कोंबडा जातो, त्याने सोडलेला रोग राहतो. आमच्या वहीतील तीन उद्रेकांपैकी दोन अशा कोंबड्यांच्या आगमनानंतर दहा दिवसांच्या आत सुरू झालेले होते, आणि ही गोष्ट वही उघडून तारखा शेजारी शेजारी मांडेपर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती.

बाहेरून आलेला कोणताही पक्षी किमान तीन ते चार आठवडे घराच्या दुसऱ्या बाजूला, वाऱ्याखालच्या अंगाला, स्वतंत्र डालग्यात ठेवावा. त्याचे पाण्याचे भांडे वेगळे असावे, त्याला चारा-पाणी घरच्या कोंबड्यांनंतर द्यावे आणि हात-पाय धुऊनच पुन्हा खुराड्याकडे जावे. एवढे करूनही निरोगी दिसणारा वाहक ओळखू येत नाही, हे खरे आहे. म्हणून रक्तचाचणीत दोष आढळलेल्या कळपासाठी सर्वांत चांगला नियम हाच की बाहेरचा पक्षी घ्यायचा नाही आणि आपला कोणाला द्यायचा नाही.

खुराड्यातील हवा

रोगजंतू दडलेला असतो हे मान्य केले तरी तो नेमका पावसाळ्यातच का उठतो, याचे उत्तर आमच्या बाबतीत खुराड्याच्या भिंतींत मिळाले. पावसाचे सपकारे आत येऊ नयेत म्हणून जूनमध्ये आम्ही खुराड्याला चारही बाजूंनी ताडपत्री बांधत असू आणि त्याला कोंबड्यांची काळजी समजत असू. अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. तीस कोंबड्यांचे सात-साडेसात लिटर होते. त्यातील थोडे अंड्यांत जाते आणि बाकीचे श्वासातून व विष्ठेतून बाहेर पडते. बंद खुराड्यात ही वाफ बाहेर जाऊ शकत नाही, तूस ओले होते, ओल्या तुसात विष्ठेतील युरिक आम्ल कुजते आणि त्यातून अमोनिया वायू निघतो.

श्वासनलिकेच्या आतील अस्तरावर अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते सतत हलत राहून धूळ आणि जंतू कफासह वर, तोंडाकडे लोटतात. अमोनियामुळे या तंतूंची हालचाल मंदावते आणि पुढे ते झडतात. मग जी धूळ आणि जे जंतू रोज आपोआप बाहेर फेकले जात होते ते आतच साठू लागतात. व्यावसायिक शेडमध्ये हवेच्या दशलक्ष भागांत अमोनियाचे २५ भाग ही वरची मर्यादा धरतात. घरी ते मोजायचे साधन नसते, पण आपले नाक असते, फक्त ते योग्य जागी न्यावे लागते. खुराड्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाच्या नाकाची उंची आणि तुसावर बसलेल्या कोंबडीच्या नाकाची उंची यांत चार-पाच फुटांचे अंतर असते. पहाटे दार उघडण्यापूर्वी आत वाकून, तुसापासून वीतभर अंतरावर चेहरा नेऊन दोन मिनिटे श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले किंवा घसा धरला तर कोंबड्यांनी ती हवा रात्रभर, दहा-अकरा तास घेतलेली आहे. ही परीक्षा घराबाहेरच्या माणसाकडूनही करून घ्यावी, कारण रोज आत जाणाऱ्याचे नाक त्या वासाला सरावते.

आम्ही ताडपत्री काढली. छपराखाली, दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर राहील अशा बेताने, समोरासमोरच्या दोन्ही भिंतींत हातभर उंचीचे पट्टे जाळी लावून कायमचे उघडे ठेवले आणि पाऊस आत येऊ नये म्हणून छप्पर दोन्ही बाजूंनी तीन फूट पुढे काढले. वरून हवा खेळती राहते आणि कोंबडीच्या अंगावर थेट झोत येत नाही, हा त्यातील मुद्दा आहे. कोंबडीला पिसांचे पांघरूण असते. कोरड्या थंडीने तिचे फारसे बिघडत नाही, कोंदट ओलीने बिघडते. माझ्या मते परसातील कोंबड्यांच्या श्वासाच्या तक्रारींत जितके नुकसान जंतू करतात तितकेच ही मायेने बांधलेली ताडपत्री करते.

तुसाची परीक्षा मुठीने करावी. मूठभर तूस दाबून सोडल्यावर त्याचा लाडू राहिला तर ते ओले आहे. सुटून विखुरले तर ठीक आहे. तीन-चार इंच जाडीचा थर असावा, रोज सकाळी तो दाताळ्याने वरखाली करावा आणि पाण्याच्या भांड्याभोवतीचे व दांडीखालचे ओले ढेकूळ लगेच बाहेर काढावे. रात्रीची सारी विष्ठा दांडीखाली पडते. तेथे फळी किंवा पत्रा ठेवून तो रोज खरवडला तर निम्मे काम होते. पाण्याचे भांडे विटांवर जाळी ठेवून त्यावर ठेवावे. दर कोंबडीमागे किमान दोन चौरस फूट जागा असावी आणि ती नसेल तर कोंबड्या कमी कराव्यात. तुसात चुना मिसळण्याची सवय अनेकांना आहे. चुन्याने तूस कोरडे होते हे खरे, परंतु चुना अल्कधर्मी असल्यामुळे आधीच साचलेला अमोनिया त्या वेळी भसकन बाहेर पडतो. म्हणून चुना घालायचा तर कोंबड्या सकाळी बाहेर सोडल्यावर, दारे उघडी ठेवून घालावा. उवा-पिसवांसाठी खुराड्यात धुरी देणे आणि कोंबड्या आत असताना फिनेल शिंपडणे तर पूर्णपणे थांबवावे. दुखऱ्या श्वासनलिकेवर तो आणखी एक घाव असतो.

लस कुठे वाया जाते

राणीखेतची लस देऊनही रोग आला असे सांगणाऱ्यांशी बोलल्यावर बहुतेक वेळा लस देण्याच्या पद्धतीत दोष निघतो. पाचव्या ते सातव्या दिवशी एफ-१ किंवा लासोटा या लशीचा एक थेंब डोळ्यात अथवा नाकात, चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात आरटूबी ही लस टोचून, असा साधारण क्रम असतो. आरटूबी सहा आठवड्यांखालील पिल्लांना देऊ नये, ती त्यांना सोसत नाही. जिवंत लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्येच टिकते, म्हणून ती बर्फासह थर्मासमधून आणावी. पाण्यातून द्यायची तर नळाचे क्लोरीनयुक्त पाणी वापरू नये. विहिरीच्या पाण्यात दर लिटरला ५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळावी, आधी दोन तास कोंबड्यांचे पाणी काढून घ्यावे आणि मिसळलेली लस दोन तासांत संपेल एवढीच करावी. कुपी शंभर किंवा दोनशे मात्रांची असते आणि पंचवीस कोंबड्यांसाठी ती फोडायला मन होत नाही, ही मोठी अडचण आहे. वाडीतील पाच-सहा घरांनी एकच दिवस ठरवला तर ती सुटते, मात्र लस देणाऱ्याने निरोगी घरापासून सुरुवात करावी आणि प्रत्येक घरी हात-पाय धुवावेत, नाहीतर लशीबरोबर रोगही घरोघर पोहोचतो.

लासोटानंतर तीन-चार दिवस हलक्या शिंका येतात आणि आपोआप थांबतात. त्या दोन-तीन आठवडे चालू राहिल्या तर कळपात मायकोप्लाझ्मा मुरलेला आहे असा संशय घ्यावा. लशीला दोष देऊन पुढची लस टाळणे हा मात्र घातक उपाय आहे. घरघर सुरू असताना लस देऊ नये, कळप शांत झाल्यावर द्यावी.

औषधाकडून काय अपेक्षा ठेवावी

औषध पशुवैद्यकाने ठरवावे, आणि ते का ठरवावे याची कारणे ठोस आहेत. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे भित्तिकेवर घाव घालणारी पेनिसिलिनच्या जातीची औषधे त्याच्यावर चालत नाहीत. टायलोसिन, टियाम्युलिन, टेट्रासायक्लिन यांसारखी चालतात. परंतु टियाम्युलिन देताना खाद्याच्या पोत्यावर मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन ही नावे आहेत का ते वाचलेच पाहिजे, कारण रक्ती हगवणीसाठी तयार खाद्यात घातलेल्या या द्रव्यांशी टियाम्युलिन एकत्र आले तर कोंबड्या लुळ्या पडून मरू शकतात. टेट्रासायक्लिन चालू असताना शिंपल्यांचा चुरा समोर असेल तर त्यातील कॅल्शियम औषधाला बांधून ठेवते आणि ते अंगी लागत नाही. कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना देण्यावर भारत सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली आहे. जुनी पुडी घरात असेल तर ती वापरू नये.

ठरलेली मात्रा ठरलेले दिवस द्यावी, दुसऱ्या दिवशी आवाज थांबला म्हणून सोडून देऊ नये. औषधाचे पाणी रोज ताजे करावे आणि त्या काळात दुसरे पाणी, अगदी अंगणातील डबकेसुद्धा, कोंबड्यांना मिळता कामा नये. फार आजारी कोंबडी पाणीच पीत नाही, तिला वेगळे काढून ड्रॉपरने पाजावे, नाकपुड्या कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसाव्यात आणि खाद्य ओले करून द्यावे. औषध सुरू असताना आणि संपल्यावर वेष्टणावर सांगितलेल्या दिवसांपर्यंत अंडी व मांस खाऊ नये, विकू तर नयेच. घरातील लहान मुले तीच अंडी खातात. हळद, लसूण, तुळस यांना माझा विरोध नाही, पण त्यांवर विसंबून आठवडा घालवला तर पशुवैद्यकाच्या हाती काही उरत नाही.

खुराडे रिकामे करण्याचा निर्णय

कळपात वाहक आहेत हे चाचणीने कळल्यावर दोनच मार्ग राहतात. पहिला, हवा आणि तूस सुधारून, बाहेरचा पक्षी बंद करून त्याच कळपासोबत राहावे, त्यांची अंडी खावीत परंतु उबवणीला बसवू नयेत, आणि कोंबड्या वयाने संपत जातील तसा कळप मिटू द्यावा. दुसरा, सगळा कळप एकदम काढून टाकावा. जिला आईने हातावर दाणे देऊन वाढवले ती कोंबडी निरोगी दिसत असताना काढणे सोपे नसते, आणि घरात एकमत होईपर्यंत आम्ही पहिलाच मार्ग धरला. दीड वर्षात कळप अकरावर आला. मग उरलेल्या कोंबड्या घरीच खाल्ल्या, कोणाला दिल्या नाहीत.

मायकोप्लाझ्मा आणि कोरायझाचे जंतू पक्ष्याच्या शरीराबाहेर फार दिवस टिकत नाहीत, हीच या मार्गातील मोठी सोय आहे. तूस काढून शेताच्या टोकाला खड्ड्यात घातले, दांड्या व भांडी बाहेर काढली, भिंती-जमीन खरवडून साबणाच्या पाण्याने धुतली, कारण मळावर ओतलेले जंतुनाशक मळातच संपते. वाळल्यावर जंतुनाशक फवारले, मग चुन्याचे दोन हात दिले आणि खुराडे तीन आठवडे उन्हावाऱ्यात रिकामे ठेवले. पाऊस लागण्यापूर्वी पिल्ले मोठी व्हावीत म्हणून हे काम माघात केले आणि फाल्गुनात नोंदणीकृत उबवणी केंद्रातून एकाच दिवसाची, एकाच घाण्यातील पिल्ले आणली. देवकार्याचा कोंबडा आता घराच्या मागील पडवीत, वेगळ्या डालग्यात राहतो.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. रात्री कान लावण्याची सवय मी सोडलेली नाही. दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस एका तलंगेच्या श्वासाला आवाज आला, तिला त्याच रात्री वेगळे काढले आणि सकाळी तोंड उघडून पाहिले तर जिभेच्या मुळाशी देवीचा पापुद्रा होता. देवी डासांमुळे पसरते, म्हणून वरच्या पट्ट्यांना आता बारीक जाळी लावली आहे आणि खुराड्यामागे साचणारे पाणी चर खणून काढून दिले आहे.